धनुष्याने रानडुकरांची शिकार आणि त्यांच्या संख्येचा प्रश्न : टेक्सासमधून

ब्राझोसकाठ (धागाकर्ता)

येथील दुसऱ्या एका धाग्यावर टेक्सासमधील रानडुकरांचा विषय निघाला आणि "शिकाऱ्यांना मोकळीक दिली की प्रश्न आपोआप मिटेल" असे मत अनेकांनी मांडले. तेथे विषयांतर होऊ नये म्हणून स्वतंत्र धागा काढत आहे. मी मध्य टेक्सासमध्ये राहतो. ब्राझोस नदीच्या खोऱ्यात काही मित्रांनी मिळून भाडेपट्ट्याने घेतलेल्या रानात मी धनुष्याने डुकरांची शिकार करतो आणि त्याच रानाच्या मालकाला सापळे लावण्याच्या कामात मदतही करतो. धनुष्याने केलेली शिकार आणि डुकरांच्या संख्येचे नियंत्रण ही दोन निराळी कामे आहेत, आणि एकाला दुसऱ्याचे नाव दिल्याने दोन्ही बिघडतात, असे माझे मत आहे. ते का, हे थोडे विस्ताराने सांगतो.

प्रथम हा प्राणी येथे कसा आला ते पाहू. डुक्कर हा अमेरिकेचा मूळचा प्राणी नाही. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो या स्पॅनिश सरदाराच्या मोहिमेने फ्लोरिडात डुकरे उतरवली. त्यानंतर आलेल्या वसाहतकऱ्यांनी आपली डुकरे पिढ्यानपिढ्या रानात मोकळी चारली आणि त्यांतील कित्येक कायमची रानटी झाली. १९३० च्या दशकात काही जमीनमालकांनी केवळ शिकारीच्या हौसेपोटी युरोपातील रानडुकरे टेक्सासमध्ये आणून सोडली. आज येथे दिसणारे जनावर हा या दोन्हींचा संकर आहे, त्यामुळे एकाच कळपात काळी, तांबडी आणि ठिपक्यांची पिल्ले दिसतात. राज्यातील २५४ काउंट्यांपैकी (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) २५३ मध्ये त्यांचा वावर असल्याचे मानले जाते. त्यांची एकूण संख्या बरीच वर्षे २६ लाखांच्या आसपास धरली जात होती आणि अलीकडचे अंदाज त्याहून वर गेले आहेत. संपूर्ण देशासाठी ६० लाखांचा आकडा सांगितला जातो.

नुकसानीविषयी एकच गोष्ट सांगितली तरी पुरेशी आहे. मका किंवा भुईमूग पेरल्यानंतर डुकरांचा कळप रात्री शेतात उतरतो आणि पेरणीची ओळ धरून, जणू दोरी लावल्याप्रमाणे, एकेक दाणा उकरून खात जातो. सकाळी शेतकऱ्याला रिकामी सरी दिसते. गवताची कुरणे उकरली गेल्यामुळे कापणीची यंत्रे मोडतात, ओढ्यांचे काठ ढासळतात, आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी उरत नाहीत.

कायद्याच्या दृष्टीने टेक्सासमध्ये या डुकरांना 'शिकारीचा वन्यप्राणी' असा दर्जाच नाही. हरणांसारखा हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही, दिवस-रात्रीचे बंधन नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून तर खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असल्यास शिकारीचा परवानाही लागत नाही. २०११ मध्ये हेलिकॉप्टरमधून आणि २०१७ मध्ये चक्क गरम हवेच्या फुग्यातून डुकरे मारण्यास विधिमंडळाने मान्यता दिली. (फुग्यातून कोणी किती डुकरे मारली, हा प्रश्न कृपया मला विचारू नये.) बंधन आहे ते जिवंत डुकरे एका जागेवरून दुसरीकडे नेऊन सोडण्यावर, आणि ते योग्यच आहे. राज्यातील सुमारे ९५ टक्के जमीन खासगी मालकीची असल्यामुळे सगळा प्रश्न शेवटी जमीनमालकाच्या इच्छेवर येऊन थांबतो.

आता धनुष्याविषयी. बंदुकीची गोळी आघाताने मारते, बाण रक्तस्रावाने मारतो. बाणाच्या टोकाला बसवलेले धारदार पाते फुप्फुसांतून किंवा हृदयातून आरपार गेले, तर जनावर काही सेकंदांत कोसळते, आणि चार बोटे मागे लागले तर ते जखमी होऊन तासन् तास झाडीत पडून राहते. त्यामुळे अंतर हा या शिकारीचा प्राण आहे. माझ्या मते २० यार्डांच्या पुढे डुकरावर बाण सोडू नये, मग धनुष्य कितीही महागाचे असो.

हरणांच्या शिकारीतून आलेल्या माणसाला डुकराच्या शरीराची रचना फसवते. हरणावर खांद्यामागे, छातीच्या मध्यावर नेम धरण्याची हाताला सवय झालेली असते. डुकराचे हृदय आणि फुप्फुसे त्यापेक्षा पुढे आणि खाली असतात. पुढच्या पायाच्या अगदी मागे, शरीराच्या खालच्या तिसऱ्या भागात नेम धरावा लागतो. हरणाच्या सवयीने मारलेला बाण डुकराच्या पोटात जातो. त्यात प्रौढ नराच्या खांद्यावर आणि बरगड्यांवर जाड, चिवट ऊतींची एक ढालच असते. नर एकमेकांशी सुळ्यांनी झुंजतात आणि वयाबरोबर ही ढाल वाढत जाऊन कधी कधी इंचाहून जाड होते. म्हणून मोठा नर सरळ आडवा उभा असला तरी मी थांबतो. तो किंचित पाठमोरा वळला की बाण ढालीच्या मागून शिरून तिरका पुढे, फुप्फुसांकडे जातो. जनावर आपल्याकडे तोंड करून उभे असताना धनुष्य खाली ठेवलेलेच बरे.

डुकराची नजर अधू असते, कान बरे असतात आणि नाक विलक्षण तीक्ष्ण असते. त्यामुळे झाडांच्या आडोशाने, वारा तोंडावर घेत, पायी चालत जाऊन त्याला गाठणे शक्य असते. खात असलेला कळप इतका कुरकुरत आणि भांडत असतो की पाचोळ्याचा आवाजही त्यात बुडून जातो. मात्र वारा एकदा मानेवर लागला की सगळे संपले. मचाणावर बसायचे असल्यासही वारा कोणत्या बाजूने येतो ते पाहूनच मचाण निवडावी. आमच्या रानात दोन ठिकाणी मचाणे आहेत ती याचसाठी.

हे सगळे मला मनापासून आवडते. पण याने संख्या कमी होते का? डुकरीण सहा ते आठ महिन्यांत वयात येते, सुमारे ११५ दिवस गाभण राहते आणि एका वेतात सरासरी पाच-सहा पिल्ले देते. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या कृषी विस्तार विभागाने २०११ च्या सुमारास केलेल्या हिशेबानुसार, संख्या आहे तेवढीच ठेवायची असेल, कमी करायची नव्हे, तरीही दर वर्षी सुमारे ६६ टक्के डुकरे काढावी लागतात. त्या वेळी शिकार, सापळे आणि इतर सर्व मार्ग मिळून हे प्रमाण २९ टक्क्यांच्या आसपास होते. धनुष्यधारी एका बैठकीत एक डुक्कर मारतो. तेही बहुधा एकटा फिरणारा नर असतो, आणि नर कमी झाल्याने पिल्लांची संख्या कमी होत नाही. उरलेला कळप त्या जागेला बिचकतो आणि रात्रीचाच बाहेर पडू लागतो.

संख्या कमी करायची असेल, तर संपूर्ण कळप एकाच वेळी पकडावा लागतो. कळप म्हणजे एकमेकींच्या नात्यातील डुकरिणी आणि त्यांची पिल्ले. त्यासाठी जाड तारेच्या जाळीचे गोल कुंपण उभारतात. कोपरे ठेवत नाहीत, कारण कोपऱ्यात डुकरे एकमेकांवर चढतात आणि वरची बाहेर उडी मारतात. आत आंबवलेला मका टाकतात, कारण त्याच्या वासाकडे हरणे फारशी फिरकत नाहीत. दार आठवडा-दोन आठवडे उघडेच ठेवतात. कॅमेऱ्यावर रोज रात्री मोजणी करतात, आणि कळपातील शेवटची बिचकणारी डुकरीण आत आल्याशिवाय मोबाईलवरून दार पाडत नाहीत. या कामात शिकारीपेक्षा कितीतरी अधिक संयम लागतो आणि मर्दुमकीचा भाग शून्य असतो.

सापळा लावलेला असताना त्या परिसरात कोणीही धनुष्य किंवा बंदूक घेऊन फिरू नये, असा नियम आम्ही केला आहे. धनुष्याची पाळी त्यानंतर येते. सापळ्याला कायमची बिचकलेली एखादी डुकरीण, घराजवळ किंवा गुरांच्या गोठ्याजवळ येणारे जनावर, म्हणजे जेथे गोळी चालवणे धोक्याचे असते, तेथे बाणासारखे साधन नाही. इतरांचे अनुभव वाचायला आवडतील.

ह्यूस्टनी_बाणा

लेख उत्तम आहे, परंतु निष्कर्ष मला एकांगी वाटतो. मी पूर्व टेक्सासमध्ये शिकारीला जातो. तेथील जमीनमालक आमच्याकडून वर्षाचे भाडे घेतो आणि त्या पैशातून कुंपणे दुरुस्त करतो. प्रत्येक शेतकऱ्याला कॅमेऱ्याचे आणि दूरस्थ दाराचे महागडे सापळे कसे परवडणार? शिकारी स्वतःच्या खर्चाने येतात, मका स्वतः आणतात, डुकरे मारतात आणि वर पैसे देऊन जातात. शून्यापेक्षा काहीतरी बरे, एवढे तरी मान्य करावे लागेल. शिवाय हजारो शिकारी मिळून किती डुकरे मारत असतील, याचा विचार आपण केलेला दिसत नाही.

ब्राझोसकाठ

ह्यूस्टनी_बाणा, तुमचा मुद्दा नेहमी मांडला जातो आणि त्यात तथ्याचा अंश आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. "शून्यापेक्षा काहीतरी बरे" हे येथे लागू पडते का, याची परीक्षा टेनेसी राज्याने नकळत करून दाखवली आहे. १९९९ मध्ये त्या राज्याने रानडुकरांची संख्या आटोक्यात आणण्यासाठी राज्यभर, मर्यादेविना शिकार खुली केली. तोपर्यंत डुकरे थोड्याच काउंट्यांत होती. पुढील दहा-बारा वर्षांत ती राज्याच्या ९५ पैकी जवळजवळ ८० काउंट्यांत दिसू लागली. डुकरे स्वतः इतक्या दूर चालत गेली नाहीत. आपल्या घराजवळ शिकार मिळावी म्हणून लोकांनी ती ट्रकमध्ये घालून नेली आणि सोडली. २०११ मध्ये टेनेसीने धोरण उलटे फिरवले, हौशी शिकार बंद केली आणि जमीनमालकांना आपल्या जमिनीवरील डुकरे नष्ट करण्यासाठी अधिक मोकळीक दिली.

जॉर्जियामधील फोर्ट बेनिंग या लष्करी तळावर २००७-०८ मध्ये प्रत्येक डुकराच्या शेपटीमागे ४० डॉलर बक्षीस ठेवले गेले. शेपट्या भरपूर जमा झाल्या, पण तळावरील डुकरांची संख्या घटली नाही. शिकाऱ्यांसाठी टाकलेल्या खाद्यावर उरलेली डुकरे पोसली गेली, हे त्यामागचे एक कारण मानले जाते.

मिझुरीने २०१६ मध्ये आपल्या संवर्धन खात्याच्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीला बंदी घातली. डुकरे वाचावीत हा हेतू मुळीच नव्हता. सापळ्याभोवती आठवडाभर जमवलेला कळप एका गोळीने किंवा एका बाणाने चौफेर उधळतो आणि खात्याची सगळी मेहनत वाया जाते, हे कारण होते.

वेलदोडा

मी संगमेश्वर तालुक्यात राहतो, आमची थोडी भातशेती आणि काजूची बाग आहे. धागा वाचताना हेवा वाटला, हे लपवत नाही. आमच्याकडे डुकरे भात लोळवतात, सुरण आणि कणग्या उकरतात, नवीन लावलेली नारळाची रोपे उपटतात. पूर्वी वाडीतील चार जण आळीपाळीने जागलीला जात. आता तरुण मुले मुंबईला आणि घरात आम्ही साठीच्या पुढचे, तेव्हा रात्रभर राखण करणार कोण? कित्येकांनी मळे ओसाड टाकले आहेत. माझा साधा प्रश्न असा, की बंदुकीचा परवाना मिळणे कठीण असेल, तर तीरकमठ्याने डुक्कर मारण्याची परवानगी आपल्याकडे मिळू शकते का? साहेबांनी सांगितलेला गोल सापळा तरी लावता येईल का?

कलमकसई

वेलदोडा काका, याचे उत्तर काळजीपूर्वक वाचावे, कारण यात तुरुंगवासापर्यंत प्रकरण जाऊ शकते.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानडुक्कर हा संरक्षित प्राणी आहे. पूर्वी तो तिसऱ्या अनुसूचीत होता. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, तो दुसऱ्या अनुसूचीत आहे. कायद्यातील 'शिकार' या संज्ञेत मारण्याबरोबर पकडणे, फासे लावणे आणि तसा प्रयत्न करणे हेही येते. त्यामुळे साधन बंदूक आहे, बाण आहे की सापळा, याने काही फरक पडत नाही. परवानगीशिवाय तिन्ही गुन्हेच आहेत.

मात्र कलम ११ मध्ये एक वाट ठेवलेली आहे. एखादा प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला, आणि त्यात उभे पीकही येते, धोकादायक ठरला असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी प्राधिकृत केलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी आदेशाने परवानगी देऊ शकतो. म्हणून अर्ज वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे करावा, आणि नुकसानीचा पंचनामा वेळेत करून घेऊन भरपाईचा अर्जही सोबत द्यावा. दुसरी वाट कलम ६२ ची आहे, ज्याखाली केंद्र सरकार ठरावीक क्षेत्रासाठी आणि ठरावीक मुदतीसाठी एखाद्या प्राण्याला 'उपद्रवी' जाहीर करू शकते. २०१६ मध्ये उत्तराखंडच्या काही जिल्ह्यांत रानडुकराच्या बाबतीत असे केले गेले होते. केरळनेही तशी मागणी वारंवार केली आहे.

रोही_आणि_मी

मी चंद्रपूर जिल्ह्यातील आहे. कलमकसई यांच्या उत्तरात एक भर घालतो. आमच्याकडे डुकरांसाठी शेताभोवती विजेच्या उघड्या तारा सोडल्या जातात आणि त्यांत वाघ मरतात, कधी शेजारचा शेतकरीही मरतो. कोकणात आणि घाटावर डुकरासाठी लावलेल्या फाशांत बिबटे अडकतात आणि गावठी बाँबमुळे गुरांचे जबडे फुटतात. तेव्हा "डुकराचा बंदोबस्त" हे शब्द उच्चारताना सोबत दुसरे काय मरते, हे पाहावेच लागते.

टेक्सास आणि महाराष्ट्र यांच्यातील मूलभूत भेदही ध्यानात घ्यावा. तेथे डुक्कर उपरा आहे, आणि प्रौढ डुकराला नियमितपणे मारू शकेल असा शिकारी प्राणी तेथे फारसा उरलेला नाही. आपल्याकडे तो मूळचा रहिवासी असून वाघ, बिबट्या आणि रानकुत्रा यांच्या आहारात आहे. तेथे शेवटच्या डुकरापर्यंत पोहोचणे हे ध्येय असू शकते. आपल्याकडे ध्येय एवढेच, की डुकराने जंगलात राहावे आणि हरभऱ्यात येऊ नये. त्यामुळे तेथील उपाय जसेच्या तसे येथे आणता येणार नाहीत. कुंपणासाठी गावाने एकत्र येणे आणि भरपाई वेळेवर मिळणे, यांवर भर दिला पाहिजे.

निरामिष

चर्चा अभ्यासपूर्ण आहे, पण मूळ प्रश्न कोणी विचारत नाही. ज्या प्राण्याला माणसानेच तेथे नेऊन सोडले, त्याला बाणाने रक्तस्राव होऊन मरू द्यायचे आणि त्याला छंद म्हणायचे, हे मला क्रूर वाटते. संततिनियमनाचे औषध का देत नाहीत? आणि मारायचेच असेल, तर तत्काळ मरण येईल असे साधन का वापरत नाहीत?

ब्राझोसकाठ

निरामिष, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडे संपूर्ण समाधानकारक उत्तर नाही. नीट बसलेल्या बाणाने येणारे मरण जलद असते, पण नीट न बसलेल्या बाणाने ते तसे नसते, आणि शिकारी कितीही चांगला असला तरी दुसरा प्रकार कधीतरी घडतो. म्हणूनच अंतराविषयी मी इतका आग्रही आहे. केवळ वेदनेचा विचार केला, तर सापळ्यातील डुकराला जवळून डोक्यात मारलेली गोळी बाणापेक्षा दयाळू असते, हे मी मान्य करतो.

संततिनियमनाची अडचण अशी आहे, की औषध खाद्यातूनच द्यावे लागते आणि तेच खाद्य रॅकून, अस्वल, हरीण हेही खातात. विषाच्या बाबतीतही हाच घोळ झाला. २०१७ मध्ये वॉरफरिन असलेल्या एका विषाला टेक्सासच्या कृषी आयुक्तांनी मोठ्या घोषणेसह मान्यता दिली. त्या विषात रंग मिसळलेला असतो, त्यामुळे ते खाल्लेल्या डुकराची चरबी निळी होते आणि मांस खाणाऱ्याला सूचना मिळते. शिकारी आणि मांसप्रक्रिया करणारे लोक न्यायालयात गेले, स्थगिती मिळाली, आणि दोन-तीन महिन्यांतच उत्पादकाने माघार घेतली. वॉरफरिनमुळे शरीरात आतल्या आत रक्तस्राव होऊन जनावर काही दिवसांनी मरते. क्रौर्याची तुलनाच करायची असेल, तर हेही मोजावे.

पशुधन_नागपूर

मी पशुवैद्यक आहे, तेव्हा माझ्या क्षेत्रातील दोन गोष्टी सांगते.

अमेरिकेतील रानडुकरांमध्ये ब्रुसेला सुइस या जिवाणूचा आणि स्यूडोरेबीज या विषाणूचा प्रादुर्भाव आढळतो. ब्रुसेलोसिस माणसाला होतो आणि तो प्रामुख्याने जनावर सोलताना, रक्त किंवा प्रजनन अवयवांशी उघड्या हाताचा संपर्क आल्याने होतो. ताप चढतो-उतरतो, सांधे दुखतात, आणि डॉक्टरला शिकारीविषयी सांगितले नाही तर निदान लांबते. स्यूडोरेबीज माणसाला सहसा होत नाही, पण शिकारी कुत्र्याला झाल्यास कुत्रा वाचत नाही. म्हणून कच्चे मांस किंवा आतडी कुत्र्यांना घालू नयेत.

दुसरी गोष्ट आफ्रिकन स्वाइन फीवर या डुकरांच्या जीवघेण्या विषाणूजन्य रोगाची. हा रोग भारतात २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलमध्ये प्रथम आढळला, आणि २०२१ मध्ये तो कॅरिबियनमधील डोमिनिकन प्रजासत्ताकात पोहोचला. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तो अद्याप नाही. तो एकदा रानटी कळपांत शिरला, तर तेथून काढणे अतिशय अवघड होईल. त्यामुळे रानडुकरांची संख्या हा केवळ शेतकऱ्याच्या मक्याचा प्रश्न राहत नाही, सबंध वराहपालन उद्योगाचा होतो. ब्राझोसकाठ यांना विचारते, की जिवंत डुकरांच्या वाहतुकीवरील बंदी प्रत्यक्षात पाळली जाते का?

ब्राझोसकाठ

ताई, संपूर्ण बंदी नाही. पकडलेली डुकरे नियमानुसार थेट कत्तलखान्याकडे किंवा मान्यताप्राप्त खरेदी केंद्राकडे नेता येतात, आणि नर डुकरे परवानाधारक बंदिस्त शिकारक्षेत्रातही सोडता येतात. खरेदी केंद्रांवरून जिवंत डुकरे सरकारी तपासणीखालील कत्तलखान्यात जातात आणि त्यांचे मांस विकले जाते. शिकाऱ्याने रानात मारलेल्या डुकराचे मांस मात्र विकता येत नाही, ते घरीच खावे लागते. नियम मोडून डुकरे सोडणारे लोक आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे. रात्रीच्या वेळी झाकलेला ट्रेलर कोणत्या फाटकातून आत गेला, हे बघणार कोण?

ह्यूस्टनी_बाणा

टेनेसीची हकीकत मला ठाऊक नव्हती आणि ती वाचून मी विचारात पडलो आहे. तरीही पैशांचा मुद्दा शिल्लक राहतो. आमच्या जमीनमालकाला सापळ्यांविषयी विचारले, तेव्हा तो हसून म्हणाला, की सगळी डुकरे पकडली तर तुम्ही भाडे कशाचे देणार?

ब्राझोसकाठ

तुमच्या मालकाने सगळा प्रश्न एका वाक्यात सांगितला. ज्याचे पीक डुक्कर खाते, त्याला ते नको असते, आणि ज्याचे रान भाड्याने जाते, त्याला ते थोडे तरी हवे असते. या दोघांच्या जमिनी शेजारी शेजारी असतात आणि डुकरे मधले कुंपण मानत नाहीत. हेलिकॉप्टरमधून शिकार करण्यासाठी पर्यटक मोठी रक्कम मोजतात, त्या धंद्यालाही डुकरे संपणे परवडणारे नाही. केंद्र सरकारने २०१४ मध्ये या डुकरांसाठी राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि २०१८ च्या कृषी कायद्यात निवडक भागांतील निर्मूलनासाठी साडेसात कोटी डॉलरची तरतूद केली. हा पैसा जेथे अनेक शेजारी मिळून सापळे लावतात तेथेच फळाला येतो. आमच्या भागात तीन शेजाऱ्यांनी एकत्र काम सुरू केल्यावर नदीकाठच्या कुरणांत उकरलेली जमीन स्पष्टपणे कमी दिसू लागली. चौथा शेजारी शिकारीचे रान चालवतो आणि तो आमच्यात येत नाही. त्याच्या बाजूने दर पावसाळी हवेनंतर नवीन कळप येतो.

एक गोष्ट तुम्ही आजपासून करू शकता. हरणांसाठी मका टाकणाऱ्या यंत्राभोवती अडीच-तीन फूट उंचीचे जाळीचे कुंपण घाला. हरणे त्यावरून सहज उडी मारून आत जातात, डुकरांना ते जमत नाही. नाहीतर हरणांच्या नावाने आणलेला निम्मा मका डुकरिणींच्या दुधात जातो, आणि चांगली पोसलेली डुकरीण अधिक पिल्ले जगवते.

नवा_तिरंदाज

मी डॅलसजवळ राहतो आणि या वर्षी कंपाउंड धनुष्य घेतले आहे. फलकावर २० यार्डांवर नेम चांगला बसतो. डुकरासाठी धनुष्याची ओढ किती असावी, पाते कोणते घ्यावे, आणि बाण लागल्यानंतर लगेच मागे जावे का?

ब्राझोसकाठ

ओढ ५० पौंडांच्या वर असावी आणि ती थंडीत, बसलेल्या स्थितीत, हात न थरथरता खेचता आली पाहिजे. ७० पौंड खेचताना धनुष्य आकाशाकडे वळवावे लागत असेल, तर ते ओझे उतरवा, कारण त्या हालचालीने डुकरे पळतात. पाते स्थिर धारेचे घ्यावे. लागल्यावर उघडणारी पाती हरणावर चालतात, पण डुकराच्या ढालीवर त्यांची बरीच शक्ती उघडण्यातच खर्च होते. बाण थोडा जड असलेला बरा.

फलकावर सराव करताना उभे राहून थांबू नका. गुडघ्यावर बसून, मचाणाच्या उंचीवरून, अंधुक उजेडात सराव करा. तसेच डुकराच्या आकाराचा फलक आणा, म्हणजे खालच्या तिसऱ्या भागाची डोळ्याला सवय होईल.

बाण लागल्यावर लगेच मागे जाऊ नका. बाण कोठे लागला आणि जनावर कोणत्या झाडाजवळून गेले, ते मनात पक्के करून निदान अर्धा तास बसून राहा, आणि पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास थांबा. डुकराचा माग काढणे हरणापेक्षा अवघड असते. चरबी जखमेचे तोंड बुजवते आणि दाट केस रक्त शोषून घेतात, त्यामुळे चांगला बाण लागूनही पहिल्या ३०-४० यार्डांत जमिनीवर थेंबसुद्धा सापडत नाही. जमिनीपेक्षा गुडघ्याच्या उंचीच्या गवतावर आणि खोडांच्या बाजूंवर पुसलेले रक्त शोधा. जखमी डुक्कर बहुधा पाण्याकडे किंवा सर्वांत दाट झुडपाकडे जाते. अशा झुडपात रात्री एकट्याने वाकून शिरू नये. ते जवळून मुसंडी मारते आणि त्याचे सुळे बरोबर माणसाच्या मांडीच्या उंचीवर येतात.

सोलताना ताईंनी सांगितल्याप्रमाणे हातमोजे घाला, मांस बर्फावर ठेवा आणि शिजवताना आतील तापमान ७१ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ द्या. तरुण डुकरिणीचे मांस उत्तम लागते. मोठ्या नराच्या मांसाला उग्र वास येतो आणि कोल्हापुरी मसालाही तो पुरता झाकू शकत नाही. तुमच्या रानात सध्या कोणी सापळा लावलेला आहे का, हे मात्र मचाण बांधण्याआधी मालकाला विचारून घ्या.